अर्ध्या काढ्याचा माड

समोरच्या काठावर निंफाच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला, की ह्या काठावर बेर्साबे नाक वर करून हुंगायची. नदी मुखाजवळ एवढी रुंद, की पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर होडीतच बसावं लागे. पण धुरावरून आपल्याला कळतं, निंफाच्या भांड्यात आज दालचिनी आहे का रानतुळस, असं बेर्साबेचं म्हणणं होतं. "आज काही खास नाही तिच्याकडे," असं धक्क्यावरच्या बायांना सांगून ती टोपली उचलायची आणि कांदळवनाकडे निघायची. बाया तिच्या पाठीमागे हसायच्या.

ओहोटी लागली की कांदळवनातल्या चिखलात मांडीपर्यंत उतरायचं, मुळांच्या जाळ्यात हात घालून शिंपा उपसायच्या, डास हाकलायला धुमसतं नारळाचं सोडण जवळ ठेवायचं, हे बेर्साबेचं आयुष्य. लहानपणी आईच्या मागोमाग चिखलात उतरली ती अजून वर आली नव्हती, असं ती स्वतःच म्हणे. हात चिरांनी भरलेले, आणि जीभ त्या शिंपांहून धारदार. नवरा समुद्राने नेला. राहिला एक मुलगा, आर्सेसिओ. तोही बुएनाव्हेंतुरा बंदराकडे जाणाऱ्या लाकडाच्या बोटीवर कामाला, महिन्यातून कधी तरी दारात दिसायचा.

बेर्साबेच्या अंगणात माड मात्र तीन होते. बाई पोटुशी राहिली की घरामागच्या होडीत एक नारळ रुजत घालते. ही होडी म्हणजे नदीवर चालेनाशी झालेली, खांबांवर चढवून वारुळाची माती भरलेली. तिच्यात कोंबड्या आणि खेकड्यांच्या तोंडाबाहेर सगळा पाला वाढतो. मूल झालं की वार त्या नारळाच्या रोपाच्या मुळाशी पुरायची, आणि मग तो माड त्या माणसाचा. माणूस पुढे कुठेही जावो, "तुझं गाव कुठलं?" म्हटलं की तो माडच सांगतो, माझी नाळ तिथे आहे म्हणतो. बेर्साबेच्या तीन माडांपैकी एक आर्सेसिओचा. बाकीच्या दोन माडांची माणसं चालायला लागायच्या आधीच गेली होती. माड राहिले, उंच झाले, नारळ देऊ लागले. त्या दोघांचे नारळ बेर्साबे घरात घेत नसे, शेजारीपाजारी वाटून टाकायची.

आणि पलीकडे निंफाच्या घरापुढे माडांची राईच्या राई, आणि एकूण एका माडाचं माणूस हिंडतंफिरतं. त्यात निंफा सुईण. नदीच्या दोन्ही काठांवरची अर्धी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली. बेर्साबेची मुलंही तिनेच जगात आणली होती. दोघं गेली त्यात निंफाची काही चूक नव्हती, हे बेर्साबेला पक्कं ठाऊक होतं. चूक असती तर बरं झालं असतं, निदान उघड भांडता तरी आलं असतं. तशी सोय नसल्यामुळे ती नुसती आतल्या आत धुमसत राहिली, वर्षानुवर्षं.

आणि नदीवर एवढी गावं, गावागावात एवढ्या पोरी, पण आर्सेसिओला आवडली ती निंफाची धाकटी, एदिल्मा. लग्नात दोघी विहिणी गळ्यात गळा घालून नाचल्या. घरी येऊन बेर्साबेने पायातले जोडे कोपऱ्यात भिरकावले.

पोरगी वाईट नव्हती, तोच तर वैताग होता. कामाला चटपटीत, बोलायला गोड. बेर्साबेला "आई" म्हणायची. पण "माझी माय म्हणते" असं सुरू केलं की तिचा आवाज जो मऊ व्हायचा, तो बेर्साबेच्या कानांना नेमका टोचायचा. एदिल्माला दिवस गेले तेव्हा बेर्साबेने रात्रंदिवस एकच गोष्ट मनात धरली. हे मूल ह्या अंगणात रुजलं पाहिजे, आर्सेसिओच्या माडाशेजारी. ज्याचं माणूस जिवंत आहे असा आणखी एक माड तिला मरायच्या आधी बघायचा होता. तिने होडीतली माती उकरून ठेवली, चांगला कोंब आलेला नारळ हेरून ठेवला. एदिल्मा एका सकाळी माहेरी गेली आणि संध्याकाळी परत येऊन सहज म्हणाली, "मायने आजच तिच्या होडीत नारळ लावून घेतला माझ्या हातून."

झालं. जिथे नारळ रुजतो तिथेच बाळंतपण, तिथलाच काढा, तिथेच वार. बेर्साबे "बरं केलंस" म्हणाली आणि शिंपा धुवायच्या निमित्ताने नदीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून निंफाची बाटली यायला लागली. कोळंबीवाल्याच्या होडीतून, रोज सकाळी, केळीच्या पानात गुंडाळलेली. आत गर्भारपणाचा सौम्य काढा. मळमळ थांबावी, पाय सुजू नयेत, झोप लागावी म्हणून. एदिल्मा पायरीवर बसून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. बेर्साबेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिच्या घरात काय पाला नव्हता? तिला काय काढा उकळता येत नव्हता? तिने त्याच दुपारी भांडं चढवलं, रानतुळस घातली, पुदिना घातला, गूळ किसून घातला, आणि भरलेला पेला सुनेच्या हातात दिला. एदिल्माने "छान झालाय, आई" म्हटलं. थोड्या वेळाने बेर्साबे मागच्या दारी आली तर सून पाठमोरी बसलेली, होडीपाशी. पेल्यात अर्धा काढा उरलेला.

दुसऱ्या दिवशीही अर्धाच. तिसऱ्याही. बेर्साबेने गूळ वाढवला, अर्धा. दालचिनी घातली, अर्धा. एकदा तर निंफाच्या रिकाम्या बाटलीत बोट घालून, तळाचा थेंब जिभेवर ठेवून तिने आत काय काय आहे ते ओळखलं आणि हुबेहूब तसाच काढा केला. तोही अर्धाच. पुढेपुढे पेला रिकामा परत यायला लागला, पण बेर्साबे काही दूधखुळी नव्हती. पिताना तिने पाहिलेलं असायचं. अर्ध्यावर हात थांबायचा, आणि मग बेर्साबेची पाठ फिरली की पेला रिकामा. पोरगी ओतून देते, दुसरं काय.

पेला अजून अर्धाच राहत होता तेव्हाच शेजारीण पास्तोराला हे कसं कुणास ठाऊक कळलं, आणि पास्तोराला कळलं म्हणजे धक्क्याला कळलं.

"काय गं बेर्साबे," पास्तोरा कपडे आपटता आपटता म्हणाली, "तुझ्या काढ्यात चिखल लागतो म्हणे."

"तुझ्या तोंडापेक्षा कमीच लागतो," बेर्साबे म्हणाली. पण घरी येईपर्यंत तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. त्या रागातच तिने हेरून ठेवलेला नारळ काढला आणि स्वतःच्या होडीत, पोलेओ ह्या उष्ण पाल्याच्या दाट झुडपामागे, कुणाला दिसणार नाही असा लावून टाकला. का लावला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आईने लावायचा नारळ आजीने लावून काय उपयोग? पण लावला.

नववा महिना निम्म्यावर आला तेव्हा निंफाचा निरोप आला. येत्या रविवारी भरतीच्या वेळी ती होडी घेऊन येईल आणि लेकीला घेऊन जाईल. बाळंतपण तिकडे, पुढचे चाळीस दिवस तिकडे, सुक्या माशाशिवायचं जेवण, कोंबडीचं सूप, अंगावर वारा न लागू देणं, सगळं तिकडे. एदिल्माने गाठोडं बांधायला घेतलं. तिच्या पुटपुटत्या गाण्यावरून ती खूश आहे असं दिसत होतं. बेर्साबे दारात उभी राहून ते गाठोडं बघत होती.

गुरुवारी ती शिंपांना गेलीच नाही. पोट खाली उतरलंय, दिवस भरलेच आहेत, दोन दिवस इकडे काय नि तिकडे काय, असं ती सकाळपासून मनाशी घोकत होती. गर्भारपणी सौम्य पाला, आणि उष्ण पाला कळा सुरू झाल्यावर किंवा वार पडल्यावरच, त्याआधी नाही, हे इथली बारकी पोरगीही सांगेल. बेर्साबेलाही ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती होडीपाशी गेली आणि पोलेओचं झुडूप ओरबाडून काढलं. थोड्या पानांवर काम झालं नाही तर काय, म्हणून सगळंच काढलं. भांड्यात पाला दाबून भरला, वर दालचिनीच्या काड्या मोडून टाकल्या आणि पाणी काळं होईपर्यंत उकळलं. कळा इथे सुरू झाल्या की गरोदर बाईला नदीपार कोण नेणार? निंफा आली तरी बाळंतपण इथेच होईल. आणि वार इथेच पुरली जाईल.

तिने काढा गाळला आणि पेला घेऊन मागच्या दारी गेली. एदिल्मा नेहमीच्या पायरीवर, होडीला टेकून बसली होती.

"घे. आज सगळा प्यायचा," बेर्साबे म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

एदिल्माने पेला घेतला, फुंकर घातली, खाली ठेवला. "पोळतोय. निवू दे." मग जरा थांबून म्हणाली, "आई, रविवारी मी जाणार. त्याआधी एक सांगायचंय. रागावणार नसाल तर."

बेर्साबे पेल्यातून निघणारी वाफ बघत उभी राहिली.

"मी तुमचा काढा अर्धाच पिते, तुम्हाला कळलंय. माझ्या पाठीमागे पास्तोरामावशी काय काय बोलते तेही माझ्या कानावर आलंय." ती अवघडत उठली आणि होडीतला पाला तिने हाताने बाजूला केला. तिकडे आता झुडूप कुठलं, नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि त्यांच्यामागे नारळाचं रोप उघडंच उभं होतं. दोन पातींचं, हिरवंगार. "तुम्ही हा लावलात ते मी त्याच दिवशी पाहिलं. लपवून लावलात, म्हणून मी गप्प. तिकडे मायने लावून घेतला, तिला नाही कसं म्हणायचं? पण हाही बाळाचाच ना. मी काय पिते ते ह्यालाही मिळायला नको? म्हणून अर्धा मी आणि अर्धा हा."

"पहिल्या दिवसापासून?" बेर्साबेने विचारलं.

"पहिल्या दिवशी नव्हता ना हा. तेव्हा मला मळमळायचं म्हणून अर्धा राहायचा," एदिल्मा हसली. "मग हा आला. मी नसताना ह्याला घालाल ना? थांबा, आजचा ह्याला आधी देते." आणि तिने पेला उचलला.

बेर्साबेने तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

"का हो?"

ओतून द्यावा तर पोरगी विचारणार. तिच्यापुढे ठेवावा तर ती पिणार. बेर्साबेला दुसरं काही सुचलं नाही. "माझंच अंग सकाळपासून कसकसतंय," ती म्हणाली आणि तो काळा, पोळणारा काढा उभ्या उभ्या घशाखाली उतरवला. तळाचा गाळसुद्धा.

संध्याकाळच्या आत तिच्या पोटात असा मुरडा उठला की ती चटईवर आडवी झाली ती उठेचना. एदिल्मा एवढं पोट घेऊन तिच्याभोवती नाचत होती, फडकी गरम करत होती, पाणी आणत होती. "तू बस गं," बेर्साबे कण्हत म्हणायची, आणि ती बसायची नाही. पास्तोरा डोकावून गेली आणि साऱ्या धक्क्याला सांगत सुटली, की सून राहिली बाजूला, सासूच अडली आहे. त्यावर बायांची रात्र मजेत गेली असणार.

आणि पहाट उजाडता उजाडता एदिल्माने दाराची चौकट धरली. कळा सुरू झाल्या होत्या, कुणी काही न पाजता.

पास्तोराच होडी घेऊन पलीकडे गेली आणि निंफाला घेऊन आली. निंफाने आल्या आल्या विहिणीला चटईसकट कोपऱ्यात सरकवलं आणि लेकीपाशी बसली. उन्हं वर यायच्या आत मुलगी झाली, रडत, मुठी वळत. वारही पडली. निंफाने ती केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवली. पण रक्त थांबेना. निंफाचा एक हात लेकीच्या पोटावर, दाबून चोळत होता. मान न वळवता तिने सांगितलं, "पोलेओ आण, बेर्साबे. पटकन."

"नाही," बेर्साबे म्हणाली.

"नाही म्हणजे? तुझ्याकडे झुडूप आहे की मोठं."

"नाही राहिलं."

पास्तोरा मागे धावत गेली आणि परत येऊन म्हणाली की खरंच नुसत्या काड्या उभ्या आहेत. निंफाने तिला तशीच स्वतःच्या होडीतला पाला आणायला पिटाळलं. तेवढी नदी ओलांडून जायला आणि यायला जो वेळ लागला, तो बेर्साबेने कोपऱ्यातून सुनेचं तोंड पांढरं पडत जाताना बघण्यात काढला. घरातला सगळा पाला तिच्या स्वतःच्या पोटात होता. तिला वाटलं, आपण उठून काही करावं. पण करण्यासारखं काही नव्हतं, आणि तिच्याने उठवतही नव्हतं.

पाला आला. निंफा भांडं घ्यायला चुलीपाशी गेली, कालच्याच भांड्यावरचं झाकण तिने उचललं आणि तिथेच थांबली. तळाशी उकळून काळा झालेला पोलेओ, वर दालचिनीच्या काड्या. तिने वास घेतला. वळून बेर्साबेकडे पाहिलं. मग लेकीकडे, मग परत बेर्साबेकडे. बेर्साबेने मान खाली घातली. आता ही बोंबलेल, गाव गोळा करेल, ह्याची ती वाट बघत राहिली. निंफाने भांडं उचललं, दाराबाहेर नेलं, वाळूने घासून लख्ख केलं, आणि त्यातच नवा पाला घालून काढा चढवला. उसाची दारू घालून तो लेकीला घोटाघोटाने पाजला. दुपारपर्यंत एदिल्माच्या ओठांना रंग आला. मग निंफाने छोट्या पेल्यात दुसरा काहीतरी काढा ओतला आणि कोपऱ्यात येऊन बेर्साबेपुढे धरला.

"हा घे. गार आहे. पोट निवेल."

बेर्साबेने तो घेतला. आयुष्यात एवढा कडू काढा ती प्यायली नव्हती, आणि त्यात कडू असं काहीच नव्हतं. ओरडली असती तर चाललं असतं. थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. पण ही बाई इथेही वरचढ ठरली, हे बेर्साबेला सोसवेना.

तेवढ्यात एदिल्मा अंथरुणातून म्हणाली, "माय, वार इथेच पुरू. ह्या अंगणात, आर्सेसिओच्या माडाशेजारी. आईंनी रोप तयार ठेवलंय. माझ्याबरोबर तेही रोज अर्धा काढा प्यायलंय."

निंफाचा चेहरा पडला. सारा जन्म बेर्साबेने ज्या बाईचा हेवा केला, तिचा पडलेला चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला. मागत होती ते सगळं आता हातात होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

"नको," बेर्साबे म्हणाली. "पलीकडे घेऊन जा. पहिला नारळ तिथे लावलाय."

एदिल्माला काही कळेना. तिचे डोळे भरून आले. "मुलगी झाली म्हणून का, आई?"

ह्याला उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. बेर्साबे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. निंफानेच लेकीच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि जास्त बोलू नकोस, वारा शिरेल म्हणून तिला गप्प केलं.

संध्याकाळी बेर्साबे कशीबशी धक्क्यापर्यंत चालत गेली. निंफा केळीच्या पानातली वार मांडीवर घेऊन होडीत बसली होती. पास्तोराला तिने वल्हं आणायला परत पाठवलं होतं.

"तिला कधी कळणार नाही," निंफा म्हणाली.

"ते तुझे उपकार," बेर्साबे म्हणाली. तिला ते नीट म्हणायचं होतं, पण तोंडातून नेहमीसारखंच तिरकस बाहेर पडलं.

निंफाने मांडीवरचं पान सारखं केलं. "रोज बाटली पाठवली मी. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची ना?"

"हो. पुरी."

"माझ्या नारळाला तिने एक थेंब घातला नाही," निंफा म्हणाली. "तुझ्याला अर्धा घालायची." आणि पास्तोरा येताच ती निघून गेली.

बेर्साबेने ते रोप फेकलं नाही. जरा ताकद आल्यावर निंफाने लेकीला आणि नातीला पलीकडे नेलं, आणि एदिल्मा चाळीस दिवस माहेरी होती त्या दिवसांत तिने ते आर्सेसिओच्या माडाशेजारी लावलं, मुळाशी काहीही न पुरता. लोक हसले. मुळाशी माणूस नसलेला माड लावायला जागा काय कमी आहे, असं पास्तोरा म्हणाली. ह्या वेळी बेर्साबेने उलट उत्तर दिलं नाही.

नातीचं नाव नायिबे ठेवलं. ती बोलायला लागली ती प्रश्न विचारतच. नदीच्या दोन्ही काठांवर तिचे पाय सारखे पडायचे, आणि प्रत्येक माड कुणाचा, हे तिला तोंडपाठ. एका दुपारी बेर्साबे अंगणात शिंपा फोडत बसली असताना ती माडांना हात लावत निघाली.

"हा बाबाचा. हा लहान काकाचा, तो मेला. हा लहान आत्याचा, तीही मेली. आणि हा?"

"तो माझा," बेर्साबे म्हणाली.

"तू एवढी म्हातारी आणि तुझा एवढासा?"

"मला कळा उशिरा आल्या."

नायिबेने त्यावर विचार केला. "पण आई तर म्हणते हा माझाच. तिकडचा माझा आणि हाही माझा. म्हणते ह्याने माझा काढा प्यायलाय."

बेर्साबेच्या हातातली सुरी शिंपेवरून घसरली आणि बोटाला लागली. तिने बोट तोंडात घातलं आणि घराकडे पाहिलं. मागच्या पायरीवर एदिल्मा बसली होती, पुन्हा पोट पुढे आलेलं, मांडीवर पेला. तिने नेहमीसारखा अर्धा पिऊन ठेवला होता.

"तिकडचा केवढा झालाय?" बेर्साबेने नातीला विचारलं.

नायिबेने हात डोक्यावर उंच धरून दाखवला. ह्याच्यापेक्षा चांगला हातभर जास्त.

"बरं," बेर्साबे म्हणाली. तिने शिंपांचं पाणी गोळा केलं आणि ते सगळं त्या एवढ्याशा माडाच्या बुंध्याशी नेऊन ओतलं.